मधला पर्याय

पंडितला नोकरी लागली तेव्हा आईने पेढे-बिढे राहू दे, आधी उलटतपासणीच घेतली.

"म्हणजे तू नेमकं करणार काय?"

"कन्सल्टिंग."

"ते ऐकलं. पण करणार काय?"

"सल्ला द्यायचा. कंपन्यांना."

आईने हातातला ब्रश खळीच्या डब्यात ठेवला आणि त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "ज्याला अंघोळीला जाताना टॉवेल ने म्हणून रोज ओरडून सांगावं लागतं, त्याचा सल्ला?" ती म्हणाली. "आणि वर पगार?"

पंडित हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आईचं बाइंडिंगचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर. वडील लवकर गेले, त्यामुळे शाळा सुटली की पोरगं दुकानात. तिथे शिवायला आलेले लोकांचे प्रबंध तो वाचत बसायचा. कळायचं डोंबल, पण जेवताना "प्रस्तुत संशोधनात" असं काहीतरी म्हणायचा, आणि तेव्हापासून तो पंडित झाला. पुढे तो त्याच फाटकातून आत गेला, इतिहासात एम. ए. झाला, शहराच्या जुन्या पाणीपुरवठ्यावर त्याने स्वतःचा प्रबंध लिहिला आणि तो आईनेच बांधला. निळं कापड, सोनेरी अक्षरं. बांधता बांधता तिने विचारलं होतं, "एवढं लिहिलंस, पण शेवटी ठाम काही म्हणालास की नाही?" नव्हता म्हणाला. शेवटी 'याबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे' असं होतं, आणि त्याच्या मार्गदर्शक बाई नेमक्या त्याच वाक्यावर खूश झाल्या होत्या. घाईने निष्कर्ष काढत नाही हो हा मुलगा, असं त्या चारचौघांत सांगायच्या.

आता असा मुलगा या धंद्यात गेला म्हटल्यावर काय होणार? गोंधळ, दुसरं काय!

पहिला गोंधळ बसायचा. ऑफिसात कुणाची ठरलेली जागाच नाही. रोज यायचं, रिकामी खुर्ची बघायची आणि बसायचं. पंडित रोज नव्या माणसाशेजारी बसे आणि रोज नव्याने ओळख करून देई. दुसरा गोंधळ हाक मारायचा. साहेबांना पहिल्या दिवशी "सर" म्हणाला, तर ते दात दुखल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "इथे सर-बिर नाही. नावाने हाक मार." वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने? पंडितच्या घशातून ते नाव काही निघेना. मग त्याने हाक मारणंच सोडलं. साहेब आपल्याकडे बघेपर्यंत तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहायचा. पोरांनी साहेबांना पाठीमागे 'पुढचं पान' असं नाव ठेवलं होतं, कारण कुणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललं की ते म्हणत, "छान. पुढचं पान."

पहिलं काम आलं ते गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीचं. गावोगावची दुकानं ठेवावीत की बंद करून ऑनलाइन विकावं, हा त्यांचा प्रश्न. पंडित कामाला लागला. मिळेल ते वाचलं, दुकानदारांना फोन केले, आणि दोन्ही बाजू अशा मांडल्या की बाईंनी पाठ थोपटली असती.

पुढचं पान म्हणाले, "मेहनत दिसतेय. पण आपलं म्हणणं काय?"

"अजून माहीत नाही."

खोलीत कुणी जांभई अर्धी सोडली, कुणी छताकडे बघायला लागलं. पंडितला वाटलं, आपल्या तोंडून शिवी-बिवी गेली की काय!

"हे बघ," पुढचं पान अगदी प्रेमाने म्हणाले. प्रेमाने हं, माणूस वाईट नव्हता. "माहीत नसण्याचे पैसे कुणी देत नाही. आधी म्हणणं ठरव, मग त्याला आधार शोध. सापडला नाही तर म्हणणं बदल. आणि तीन पर्याय दे. पहिला असा, की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा यावा. तिसरा असा, की त्याला झोप यावी. मधला आपला."

"पण आपला कोणता, हे ठरवायचं कसं?"

"मध्ये ठेवलास की तो आपला."

सगळे हसले. पंडितही हसला, पण ही थट्टा होती की शिकवण, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने दुकानं बंद करण्याचा पर्याय मध्ये ठेवला. ते पान मग याच्याकडून त्याच्याकडे गेलं, कुणी शब्द बदलले, कुणी रंग बदलला, आणि गाद्यावाल्यांपुढे गेलं तोवर त्यात पंडितचं असं एक वाक्यही उरलं नव्हतं. गाद्यावाल्यांनी माना डोलावल्या. पुढे दुकानं बंद झाली का, असं त्याने एकदा विचारून पाहिलं. कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे पुढच्या कामाला लागले होते.

घरी येऊन तो आईला सांगायचा, "आज खूप काम झालं," आणि आपण केलं काय हे आठवत आठवत झोपी जायचा.

अशात एका रविवारी आईने टेबल पुसलं, टीव्ही बंद केला आणि चष्मा लावून त्याच्यासमोर येऊन बसली. "तुझ्याशी कामाचं बोलायचंय," ती म्हणाली.

गोष्ट अशी होती, की विद्यापीठाने प्रबंध नुसते कॉम्प्युटरवरून घ्यायला सुरुवात केली होती. बांधीव प्रत कुणी मागत नव्हतं. आईकडे आता कुठे एखादं जुनं पुस्तक, कुठे एखाद्या हौशी माणसाच्या आठवणी, एवढंच यायचं. शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा आईचा गाळा भाड्याने मागत होता. चांगली घसघशीत रक्कम द्यायला तयार होता, पण करार बरीच वर्षं मोडता येणार नव्हता.

"तू लोकांना सल्ला देतोस ना?" आई म्हणाली. "मग मलाही दे."

खरं सांगायचं तर पंडितची छाती फुगली. का नाही फुगणार? ज्या बाईने जन्मभर आपली टर उडवली, ती आज चष्मा लावून विचारतेय! त्याने लॅपटॉप उघडला आणि दोन संध्याकाळी खपून तीन पानं केली. पहिला पर्याय, कर्ज काढून मोठं छपाईचं मशीन घ्यायचं. दुसरा, गाळा भाड्याने देऊन घरी आराम करायचा. तिसरा, चाललंय तसं चालू द्यायचं.

आईने तिन्ही पानं ओठ हलवत वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"यातलं कोणतं?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मला माहीत आहे रे. तुला काय वाटतं ते विचारतेय."

आणि आता इथे आली का पंचाईत! पंडितला काय वाटत होतं? त्याला वाटत होतं, की हिचा खांदा हल्ली दुखतो. त्याला असंही वाटत होतं, की दुकानाशिवाय आई कशी दिसेल हे आपण कधी पाहिलेलंच नाही. सणासुदीला, आजारपणात, कधीच नाही. एक वाटणं इकडे ओढत होतं, एक तिकडे, आणि दोन्ही खरी होती. पण लॅपटॉप उघडा होता, समोरचं माणूस वाट बघत होतं, आणि तोंडाला सवय लागली होती.

"मधला," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

हे 'नक्की' आलं कुठून, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. आई "बरं" म्हणाली आणि चहा टाकायला उठली. त्या चहाकडे त्याचं लक्षसुद्धा गेलं नाही, कारण तेवढ्यात पुढच्या पानांचा फोन आला. दुसऱ्या शहरात नवं काम होतं, लगेच निघायचं होतं.

परत आला तो महिना उलटल्यावर, भरदुपारी. बॅग घेऊन सवयीने मागच्या फाटकाशी उतरला, तर दुकानात भिंतभर मोबाइलची कव्हरं लटकत होती. पंडित तसाच तडक घरी निघाला. आई समोरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. टीव्ही बंद, हात मांडीवर. दुपारच्या वेळी त्याने तिला घरात बसलेली बहुतेक पहिल्यांदाच पाहिली.

"अगं आई, दुकान?"

"दिलं."

"कुणाला विचारून?"

"असं काय करतोस वेड्यासारखं? तुला विचारून."

"आणि कागद कापायचं मशीन?"

"छापखानेवाला घेऊन गेला. त्याच्याकडे जागा आहे."

"अगं, पण मला एक फोन तरी करायचास!" पंडितचा आवाज चढला. "आमच्याकडे कुणी असं ऐकल्या ऐकल्या करून टाकत नाही!"

"मग विचारतात कशाला?" आईने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

पंडित बॅगेवरच बसला. आई म्हणाली, "बरं, पुढचं सांग. सकाळी तू गेलास की मी दिवसभर काय करायचं? तुझ्या पानात 'आराम' एवढंच होतं. आराम माझा आठवड्यात झाला. मला वाटलं, बाकीचं तू मागाहून देशील."

बाकीचं काही नव्हतंच.

"आई, तुझ्या मनात काय होतं? त्या दिवशी?"

"तू 'राहू दे' म्हणशील असं वाटलं होतं," आई म्हणाली. "खांदा दुखला तरी राहू दे, चालव थोडे दिवस, असं."

"मग तसं सांगायचंस ना!"

"मी सांगितलं असतं तर तू तेच म्हणाला असतास. मला तुझं मत हवं होतं. एवढा शिकलास, लोक तुला विचारतात. म्हटलं, आपल्याला दुकानाची माया आहे, आपल्याला नीट दिसत नसेल. त्याला दिसत असेल."

पंडित रडायच्या बेतात होता. ते मत माझं नव्हतंच गं, असं त्याला म्हणायचं होतं. मग कुणाचं होतं? पुढच्या पानांचं म्हणावं तर त्यांना हे दुकान ठाऊकही नव्हतं. कुणाचंच नव्हतं. आणि हे तिला सांगितलं, तर तिने दुकान कशासाठी दिलं?

आई त्याच्या तोंडाकडे बघत होती, त्या दिवशी बघत होती तशीच.

"सगळा विचार करूनच सांगितलं असशील तू," ती म्हणाली. "हो ना रे?"

"हो," पंडित म्हणाला.