हळदीच्या हंगामात पाहिलेला भयपट

माणसाचं शरीर सडतं, फाटतं, बदलतं असले भयपट मी आवडीनं पाहते, आणि त्यावरून घरात माझी यथेच्छ टिंगल होते. नवरा म्हणतो, लोकांच्या बायका मालिका पाहतात, आमची आतडी पाहते. पण ज्या चित्रपटावर एवढा गदारोळ झाला, माणसं म्हणे अर्ध्यातून उठून गेली, त्यात आतडी जवळजवळ नव्हतीच.

तो मी डोंगरकड्याला, आमच्या गावी, घरात भर दुपारी पाहत होते. हळद शिजवून, वाळवून पॉलिश करायचे दिवस होते. या दिवसांत आमच्याकडे सगळेच पिवळे असतात. हात, नखं, बनियन, उशीचे अभ्रेसुद्धा. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

चित्रपटातल्या बाईच्या कातडीला काहीतरी होत असतं. दिग्दर्शक ते दाखवतच नाही. ती भाजी चिरते, बाही खाली ओढते, आणि समोर तिचा नवरा मुकाट जेवत असतो. रक्त येतं ते एकदाच. बोंब त्या रक्ताची झाली, पण मला खटकला तो समोर जेवणारा बाप्या. रोज समोर बसून याला दिसत कसं नाही, म्हणून माझा संताप झाला.

तेवढ्यात नवरा शेतातून आला. मी चित्रपट थांबवून ताट वाढलं. त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. आठवडाभर हेच चाललं होतं. ऊन लागलं असेल म्हणून मी ताक पाजत होते. काहून जेवत नाही विचारलं तर म्हणाला, अन्नाचा वासच नको वाटतो. मग मोरीत जाऊन साबणानं हात खसाखसा घासत बसला.

"यंदा हळद निघतच न्हाई," तो म्हणाला.

मी टॉवेल घेऊन गेले. त्याला उजेडाकडं तोंड करायला लावलं आणि खालची पापणी ओढली. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळाधमक झाला होता. हळदीनं हात रंगतात, डोळे रंगत नाहीत.

दवाखान्यात जाताना गाडीत तो आपली नखं खरवडत होता.

"लई पिवळे हायेत का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले, "हळदच हाय."