बारात लपलेला चार

आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमधले मास्तर कुठलाही आकडा दिसला की आधी त्याची झडती घ्यायचे. गाडीची नंबरप्लेट असो, गॅसचं सिलिंडर असो, ओठ हलायला लागायचे. शेवटच्या दोन आकड्यांना चारने भाग जातो का? सगळ्यांच्या बेरजेला नवाने? गेला की मास्तरांचं तोंड कडू. "यात वर्ग आहे," म्हणायचे, भातात केस सापडल्यासारखं.

चार, नऊ, पंचवीस अशा वर्गसंख्यांनी ज्याला भाग जात नाही तो आकडा वर्गमुक्त, आणि तोच सज्जन, असं त्यांचं मत. जन्मभर गणित शिकवून शाळेतून निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "आता मीही वर्गमुक्त." हा त्यांचा एकमेव विनोद. मी तो किमान पन्नास वेळा ऐकलाय.

आमचं वाजलं पार्किंगवरून. मरोळला ग्रिल-दरवाजांचं वर्कशॉप मी शून्यातून उभं केलंय. घासाघीस करताना कोणाला हार गेलेलो नाही. बिल्डिंग नवी झाली तेव्हा बिल्डरच्या डोक्यावर बसून गेटजवळची, खांब आड न येणारी बारा नंबरची जागा पत्रावर लिहून घेतली. पुढे मास्तर सेक्रेटरी झाले, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. त्यांनी स्वतः ब्रश घेऊन जमिनीवर नंबर रंगवले. वॉचमन धावत वर आला. "साब, बारा नंबर तो है ही नहीं!"

खाली गेलो. एक, दोन, तीन आणि थेट पाच. अकरानंतर तेरा. वीस गाड्यांचं पार्किंग, शेवटचा नंबर एकतीस!

"मास्तर, माझा बारा कुठाय?"

"बारात चार लपलाय. जागा तुमची तीच, फक्त नंबर सतरा. नव्या पत्रावर सही करा."

"बिल्डरचा कागद बाराचा आहे. उद्या दुसरा सेक्रेटरी म्हणेल, सतरा तुमचा नाहीच. मग?"

"सतरा मूळ संख्या आहे हो. भाग्य लागतं."

"भाग्य गेलं खड्ड्यात. अठरा लिहा." घासाघिशीच्या सवयीने मी आकडा चढवला.

"त्यात नऊ."

"वीस?"

"त्यात चार."

"सत्तावीस!"

"त्यात नऊ, शिवाय तुमचं ब्लडप्रेशर."

बाकीच्यांनी नवी पत्रं निमूट घेतली. मी सही केली नाही, मास्तरांनी जागेवर लावलेली साखळी काढली नाही. तीन महिने माझी गाडी रस्त्यावर, कावळ्यांच्या हवाली. तरी माझ्या मुलीला गणित शिकवायला मास्तर रोज संध्याकाळी सहाला दारात हजर. मी दार उघडायचो, बोलायचो नाही. मुलगी मात्र पास झाली.

मग त्यांनी लेकीकडे नाशिकला कायमचं जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी मला खाली बोलावलं. साखळी काढलेली, सतरा खरवडलेला, जागेवर ओला पिवळा रंग.

"नंबरापायी तुम्ही कोर्टात जाल," मास्तर म्हणाले. "म्हणून नाव घातलं. आता कुठलाही सेक्रेटरी तुम्हाला हलवणार नाही."

जमिनीवर लिहिलं होतं, 'गुले'.

"अहो मास्तर, माझं आडनाव चौगुले!"

"ठाऊक आहे. चौ म्हणजे चार. काढला." आणि टॅक्सीत बसले.

ते नाशिकलाच वारले. बिल्डिंगमधली पोरं मला तोंडावर गुलेकाका म्हणतात, त्याचा राग अजून आहे. परवा नवी कमिटी रंगाचा डबा घेऊन आली. आडनाव पूर्ण करून देतो म्हणाली.

"हात लावून दाखवा," मी म्हटलं, आणि गाडी नेऊन नावावर उभी केली.