मामाजींची ओळ कुणी खोडायची

माझ्या सासऱ्यांच्या एका वाक्याला गुण द्यायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि सासुरवाडीत मी अजूनही अंग चोरूनच बसत होतो.

झालं असं. मी मेहकरला अध्यापक विद्यालयात शिकवायचो, बायको तिथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायची. कपाशीवरच्या बोंडअळीचा हंगाम नुकताच होऊन गेला होता. अळीला मारणारं बीटी बियाणं लावलंय म्हणून निर्धास्त राहिलेल्या लोकांनी बोंडं फोडून पाहिली, तर आत गुलाबी अळी मजेत नांदत होती. कितीकांनी वेचणीचा नादच सोडला आणि उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या पिकात, गुरं घातली. त्यावर वरून हुकूम आला की शाळांसाठी कपाशीवर ऑनलाइन पाठ तयार करा; पोरं शिकतील आणि सुट्टीत घरी आईबापाला सांगतील. पाठ एकट्यानं लिहायचा नव्हता. वेगवेगळ्या गावच्या माणसांनी नेटवरच्या एकाच पानावर मिळून लिहायचा, आणि दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं तर खोडून नीट करायचं. कोणी काय लिहिलं, काय पुसलं, ते सगळं पान स्वतःच लक्षात ठेवायचं.

आमच्या भागातल्या पाठाला तिघं जण होते. माझी बायको, रोहिणखेडच्या उर्दू शाळेतले विज्ञानाचे सर आणि अनुभवी शेतकरी म्हणून साखरखेर्ड्याचे माझे सासरे. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, उरलेलं त्यांच्या नजरेखालून.

आणि परीक्षक मी. घरच्याच माणसानं पाठ तपासू नये, हे मी शिक्षण खात्यातल्या साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले, "तालुक्यात मूल्यमापनाचं प्रशिक्षण पूर्ण केलेले तुम्ही एकटेच आहात." खरं होतं. बाकीचे चहानंतर पळाले होते; मी जिलेबीसाठी थांबलो होतो.

पान उघडलं. प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात दिसायचं. वरचा पहिला परिच्छेद गडद निळा, तो सासऱ्यांचा. त्यात त्यांनी लिहिलं होतं: "बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या सरकीची एक लहान पुडी मिळते. ती वाया न घालवता, जिथं उगवण झाली नाही अशा मोकळ्या जागा भरायला वापरावी."

वाक्य वळणदार होतं आणि साफ चूक होतं. ती पुडी शेताच्या काठानं वेगळी पेरायची असते, इतपत मलाही ठाऊक होतं. का, ते बायकोनं कणीक मळता मळता समजावलं.

"बीटीचं विष पचवणाऱ्या अळ्या आधी थोड्याच असतात. त्यांची आपसातच लग्नं लागत गेली, की सगळी पिलावळ तशीच निपजते. काठाला साधी कपाशी असली, म्हणजे तिच्यावर साध्या अळ्या वाढतात. मग बाहेरच्या सोयरिकी होतात आणि त्या खानदानाचा तोरा उतरतो."

"मग हे बाबांच्या ओळीत का नाही?"

"खाली वाचा ना. मी लिहिलंय."

मी खाली गेलो. हिरव्या रंगात बायको म्हणत होती: "वरील ज्येष्ठ लेखकांच्या मताचा पूर्ण आदर राखून असे सुचवावेसे वाटते की, पुडी काठाने पेरण्याचाही विचार व्हावा." त्याखाली तपकिरी रंगात रोहिणखेडचे सर: "जनाबांचं म्हणणं बिल्कुल दुरुस्त, अगदी बरोबर आहे. काठानं पेरलं तर सोने पे सुहागा." दोन्हींच्या खाली एकेकदा, निळ्या रंगात सासऱ्यांचं उत्तर: "आभारी आहे."

पुढंही सगळं तसंच. हिरवा आणि तपकिरी रंग निळ्यापासून चार हात लांब, नव्या सुनांसारखे भिंतीला टेकून उभे. तिघांनी इतकं लिहिलं होतं, पण कोणी कोणाचा एक शब्द खोडला नव्हता. माझ्या तपासणीच्या तक्त्यात मात्र रोखठोक रकाने होते: मजकूर अचूक आहे काय? सहभागी एकमेकांचे लेखन सुधारतात काय? पहिल्याला 'नाही' लिहिलं तर सासरे दुखावणार, दुसऱ्याला 'नाही' लिहिलं तर बायको.

म्हणून मी एक शहाणपणा केला. म्हटलं, आपणच गुपचूप ओळ दुरुस्त करू आणि मग पाठाला छान गुण देऊ. 'मोकळ्या' हा शब्द पुसला. उरलेली निळी ओळ माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागली. परत टाइप केला आणि लॅपटॉप मिटला. पाचच मिनिटांत फोन वाजला.

"जवाईबुवा, माह्या ओळीत काय शोधून राह्यले?"

"काही नाही, मामाजी. बोट लागलं."

"एकाच शब्दाले लागलं? अन् मंग तोच शब्द परत बी लागला?"

पान सगळं लक्षात ठेवतं, हे प्रशिक्षणात मीच इतरांना समजावून सांगितलं होतं.

बायको शेजारीच उभी होती. तिनं फोन ठेवू दिला आणि म्हणाली, "हे पाहा, सुट्टीच्या आत पाठ शाळांत जाणार आहे. पोरं हीच ओळ घरोघर नेतील. आणि घरोघरचं राहू द्या, माझा भाऊ यंदा तसंच पेरणार आहे. बाबांनी सांगितलंय त्याला. गेल्या साली त्याच्या वावरात काय झालं, तुम्ही पाहिलंय."

पाहिलं होतं. मेहुणा बांधावर बसून एकेक बोंड फोडत होता आणि काही न बोलता आमच्या हातात देत होता.

"मग तूच खोड ना," मी म्हणालो. "तुझे वडील आहेत."

"वडील आहेत म्हणूनच नाही जमत. तुम्ही परीक्षक आहात."

"परीक्षकाला दिवाळीला तिकडं जेवायला बसायचं असतं."

"माझ्या वरणाला रोज नावं ठेवता, तेव्हा कुठून येतं अवसान?"

त्यावर मी अभिप्राय लिहायला बसलो. पानभर लिहिला. घटकाची मांडणी स्तुत्य आहे, भाषा ओघवती आहे, पहिल्या परिच्छेदात अधिक सुस्पष्टतेस वाव आहे. बायकोनं वाचला.

"यात चूक कुठं सांगितली?"

"वाव आहे म्हटलंय ना."

"हे वाचून बाबा आणखी एकदा आभारी आहे लिहितील."

तिचं बरोबर होतं. मी सगळं पुसलं आणि निळ्या परिच्छेदाच्या अगदी खाली लिहिलं: "हे चूक आहे. साध्या सरकीची पुडी मोकळ्या जागांत पेरू नये, शेताच्या काठानं पेरावी. हे दुरुस्त होईपर्यंत पाठ शाळांना देऊ नये." खाली माझं नाव आपोआप उमटलं. मग घरात भरपूर भाजी असताना मी भाजी आणायला गेलो.

त्या दिवशी फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एरवी सासऱ्यांचा फोन आला की मी अंघोळीला पळायचो. आता फोन चार्जिंगला आहे ना, हे जाऊन जाऊन बघत होतो.

नंतरच्या सकाळी सासरे एसटीनं स्वतःच हजर झाले. पांढरा सदरा, काखेत पिशवी. पाणी प्यायले, चहा प्यायले. मी अंग चोरून समोर बसलो, तेही माझ्याच घरात.

"त्या पानावर तुमी समदे शिकलेले लोक," ते म्हणाले. "माही पोरगी, ते रोहिणखेडचे सर. समदे म्हणे बरोबर हाय, बरोबर हाय. मले वाटलं बरोबरच असन. पोराले बी तेच सांगतलं म्या."

मी रिकामा कप बशीत सरळ केला.

"चूक हाय म्हणून तुमी लिवलं. मंग इतके दिवस काऊन थांबले? माह्या वाक्याले हात लावला तर मी काय जवाई बदलणार होतो?"

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. सासऱ्यांनी तिकडं मान वळवली.

"तू हासू नको. तुह्यावर जास्त राग हाय माहा. आदर राखून म्हणे. शाळेत माह्या वर्गात असं उत्तर लिवलं असतं त म्या भोपळा देला असता."

मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "आना ते यंत्र. कसं खोडतात दाखवा."

मी लॅपटॉप पुढं केला. आख्खी ओळ एकदम पुसता येते हे सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. एका बोटानं, एकेक अक्षर, शेवटाकडून पुसत गेले. ओळ संपली तशी त्यांना गोडी लागली. दोन्ही 'आभारी आहे' पुसले. रोहिणखेडच्या सरांचं 'बिल्कुल दुरुस्त' पुसलं आणि लगेच त्यांना फोन लावून म्हणाले, "सर, तुमची तारीफ काढून टाकली. आता तुमी माहं काय चुकलं ते काढा." पलीकडून कितीतरी वेळ "अरे नहीं, नहीं" ऐकू येत होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनीही दोन ओळी खोडल्या, त्यातली एक खरोखरच खोडण्यासारखी होती.

सासऱ्यांचा पुढचा फोन मुलाला गेला.

"पुडी मोकळ्या जागेत नाही टाकाची. काठानं पेराची."

मेहुण्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "तुमीच त सांगतलं होतं, बाबा."

"सांगतलं होतं. चुकलं. आता हे सांगून राह्यलो."

 मग मेहुण्यानं विचारलं, "काठानं म्हंजे किती ओळी? चारी बाजूनं का एकाच?"

सासरे थांबले. माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. मग त्यांनी फोन स्वयंपाकघराच्या दिशेनं धरला.

"इले इचार," ते मुलाला म्हणाले. "इनं सांगतलं तसं पेर."

बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली. फोन तिच्या कानाला सासऱ्यांनीच धरला, आणि ती भावाला चारी बाजूंच्या ओळी समजावून सांगत होती तोवर हात खाली केला नाही.