त्रेचाळिसाव्या वर्षी मोडलेला मणका

"तुम्ही कुठे पडला होतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी पडले नव्हते. तळघरातल्या वॉशिंग मशीनमधून ओल्या कपड्यांची टोपली वर आणताना पाठीत कट्‌कन काहीतरी झालं होतं, एवढंच. उसण भरली असेल म्हणून चार आठवडे मी गोळ्या घेत ऑफिसला जात राहिले. शेवटी खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा नवरा, निखिल, मला इथल्या एका जर्मन ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे घेऊन आला.

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. धड मणका बाजूने चौकोनी दिसतो. माझा एक मणका पुढून दबून पाचरीसारखा झाला होता. "याला कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात," ते म्हणाले. "हाड इतकं पोकळ झालंय की ते रोजच्या कामाच्या भारानंच चेपलं. आणि फ्राउ देसाई, त्याच्या वरचा मणकासुद्धा मोडलेला आहे. तो जुना आहे."

तो कधी मोडला, मला आजही माहीत नाही.

दहा दिवसांनी डेक्सा स्कॅन झाला. हाडांत खनिज किती आहे ते मोजणारा हा एक प्रकारचा एक्स-रे. दुखत नाही, काही मिनिटं नुसतं पडून राहायचं. वेटिंग रूममध्ये सगळे सत्तरीच्या पुढचे. शेजारच्या आजोबांनी प्रेमानं विचारलं, "आईला घेऊन आलात का?" मी हो म्हणून टाकलं. मग माझंच नाव पुकारलं गेलं.

रिपोर्टात टी-स्कोअर असतो. तरुण, निरोगी माणसाच्या हाडांशी आपल्या हाडांची तुलना. उणे अडीच किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझा उणे तीन पॉइंट आठ होता.

आता जे सांगणार आहे ते सांगायची लाज वाटते. मी हॅम्बर्गच्या एका संशोधन संस्थेत आकडेवारीचं काम करते, आणि तीन वर्षं माझ्यासमोर जी माहिती होती ती याच आजाराची. चीनमधल्या प्रौढ माणसांचा आहार, त्यांची राहणी आणि त्यांची हाडं. दूध किती घेता? सोयाबीनचे पदार्थ, पालेभाज्या किती वेळा? सिगारेट? दारू? रोज किती चालता, उन्हात किती वेळ असता? एकेका माणसाची एकेक ओळ. कमी वजन, कमी हालचाल, कमी कॅल्शियम, ऊन नाही, पाळी लवकर गेलेली, अशा ओळींकडे जास्त लक्ष द्यायचं हे मला पाठ होतं. मात्र खुर्चीत बसून हे सगळं करणारी बाई सकाळी काळी कॉफी आणि दुपारी कोरडा ब्रेड खात होती. सहा महिने ऊन न दिसणाऱ्या शहरात व्हिटॅमिन डी घेत नव्हती. आणि वजन वाढत नाही म्हणून खूश होती.

माझी पाळी एकोणचाळिसाव्या वर्षी बंद झाली. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी हॉर्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, हाडांसाठी गरजेच्या आहेत असंही सांगितलं. मी दोन महिने घेतल्या. मळमळायचं, आणि हॉर्मोनची भीतीही वाटायची. मग सोडल्या. त्यांना कळवलंही नाही.

ऑफिसमध्ये मी फक्त मेइला सांगितलं. ती माझ्याच टीममधली, चीनमधून पीएचडीसाठी आली आणि इथेच राहिली. पॅन्ट्रीत उभ्या उभ्या मी तिला म्हटलं, "मी आपली प्रश्नावली स्वतःसाठी भरून पाहिली. सगळी उत्तरं चुकीची. हे मीच ओढवून घेतलंय."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "माझी आई रोज टोफू खायची, पालेभाज्या खायची. पहाटे बागेत बायकांबरोबर व्यायाम करायची. आयुष्यात सिगारेट ओढली नाही. बाथरूमच्या उंबऱ्याला पाय लागला, खुबा मोडला आणि वर्षाच्या आत गेली. तिची ओळ सुंदर होती."



"हजारो लोकांचा कल कळतो," ती पुढे म्हणाली. "एका माणसाला का झालं, ते नाही कळत. हे तूच मला शिकवलंस."

तिला मला धीर द्यायचा होता. पण मला त्यानं जास्तच भीती वाटली. चूक माझी असती तर ती सुधारता तरी आली असती.

नाशिकला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती रागावली. "दूध पीत नव्हतीस लहानपणी, मी ओरडून ओरडून दमायचे. नाचणी खा, उन्हात बस." बोलता बोलता ती फोन टेकवायला वळली आणि मला तिची पाठ बाजूनं दिसली. गेली आठ-दहा वर्षं तिला पोक आलंय. म्हातारपण म्हणून आम्ही कुणीच बोललो नव्हतो.

"आई, तुझेही मणके मोडलेले असणार. तपासून घे ना."

"अगं, माझ्या आईलाही असंच होतं. आमच्याकडे बायका वाकतातच. आता या वयात कळून काय करायचंय?"

तिनं अजून तपासणी केलेली नाही. मी दर रविवारी विचारते.

मला रोज एक इंजेक्शन सुरू झालं. पेनसारखं असतं, पोटाच्या कातडीत आपणच टोचायचं. हे औषध नवीन हाड तयार करायला मदत करतं. सोबत कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. मी एक दिवस चुकवला नाही. दही, पनीर, तीळ, अंडी, सगळं मोजून खाल्लं. पावसात छत्री धरून रोज तळ्याभोवती चालले. वर्षभरात वजन चार किलो वाढलं आणि मला पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला.

चौदाव्या महिन्यात खिडकी उघडायला हात वर केला आणि तिसरा मणका मोडला.

"म्हणजे औषध लागू पडलं नाही?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तसं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "औषध नसतं तर काय झालं असतं, ते आपल्याला कधीच कळणार नाही."

हे उत्तर मी स्वतः किती जणांना दिलं असेल. त्या दिवशी मी उठून त्यांच्या टेबलाला धरून उभी राहिले आणि विचारलं, "पुढे काय?"

"औषध बदलू. दबलेले मणके पुन्हा उभे राहत नाहीत. पुढचा मोडू नये एवढाच प्रयत्न."

माझी उंची साडेतीन सेंटिमीटरनं कमी झाली आहे. तासभरापेक्षा जास्त बसवत नाही, म्हणून काम अर्ध्यावर आणलं, आणि पुढचं कंत्राट मिळेल असं वाटत नाही. माझी दहा वर्षांची मुलगी सई शाळेतून येते ती दारातच थांबते. आधी धावत येऊन बिलगायची. आता दोन बोटांनी माझा दंड धरते आणि जर्मनमध्ये म्हणते, "फोरझिष्टिष, मामा." सांभाळून, आई. मी मराठीत म्हणते, "ये गं, काही होत नाही." ती येत नाही. तिला कुणी शिकवलेलं नाही, ती मला बघून शिकली.

हे वाचणाऱ्या बायकांना मी आशेच्या मोठ्या गोष्टी सांगू शकत नाही. पाळी लवकर गेली असेल, घरात कुणाला पोक असेल, न पडता पाठ दुखत असेल, तर डॉक्टरांना सरळ हाडांबद्दल विचारा. गोळी सोसत नसेल तर परत जाऊन सांगा, दुसरी मागा. खा, चाला, उन्हात जा. यानं धोका कमी होतो. संपत नाही. आणि तरीही मोडलं तर स्वतःच्या ताटाकडे बघत रात्रंदिवस जाब विचारत बसू नका. मी बसले. त्यात दोन वर्षं गेली.

गेल्या महिन्यात निखिल कामासाठी चार दिवस बॉनला गेला होता. डोक्यावर हात नेता येत नाही, म्हणून माझे केस तोच धुतो. तिसऱ्या दिवशी मेइ सूप घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता बाह्या सारल्या. बाथरूममध्ये स्टूल ठेवलं. मला वाकावं लागू नये म्हणून माझ्यामागे स्वतः भिजत उभी राहिली. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघितलं.

तिनं माझ्या केसांना शॅम्पू लावला. मग माझे खांदे हलताना तिला दिसले असावेत.

"दुखतंय का?"

"हो."

"थांबू?"

"नको," मी म्हटलं.