मुठीतलं मंगळसूत्र

सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "काका, लाल वायर कापायची की निळी?" सिनेमावाल्यांनी आमच्या कामाची पार वाट लावली आहे. मी सैन्यात बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात होतो. आमचं बरंचसं काम म्हणजे शेतात, नाल्यात न फुटता पडून राहिलेला गंजका तोफगोळा. त्याला वायरच नसते. पण हे सांगितलं की आमची बोळिंजची मंडळी हिरमुसतात, म्हणून हल्ली मी "निळी" म्हणतो आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

गोळ्याजवळ एकानेच जायचं, हा आमचा नियम. काही बिनसलं तर एकच जावा. जाणारा अंगठी, घड्याळ, पाकीट काढून मागे थांबणाऱ्या जोडीदाराच्या हातात देतो. जोडीदार ते खिशात टाकत नाही, मुठीत धरून बसतो. जपून जा वगैरे कुणी म्हणत नाही. माझा जोडीदार वऱ्हाडातला. त्यांच्याकडे चहा ठेवत नाहीत, मांडतात. तो एवढंच म्हणायचा, "चहा मांडतो, ये." आणि खरंच मांडायचा. मी परत येईपर्यंत स्वतः घोटही घ्यायचा नाही. आलो की आधी शिव्या घालायचा, उशीर केला म्हणून. भला माणूस, पण तापट, असं मला वाटायचं.

भीती मलाही वाटायची. नाही म्हणणारा खोटं बोलतो. पण ती चालायला लागेपर्यंतच. एकदा गोळ्यापाशी पालथा झालो की डोळ्यांसमोर फक्त गंज, माती आणि आपली बोटं. हातांना काम असलं की मन गप्प बसतं. तेव्हा बायकोचीही आठवण येत नसे. सुट्टीवर आलो की हे सगळं मी तिला सांगायचो. ती म्हणायची, "बरं आहे बाई तुमचं."

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. कसली, ते ऑपरेशन केल्यावरच कळेल, असं माणिकपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी आत एका कोपऱ्यात उभा राहू का, असं त्यांना विचारलं. "तुमचं आत काय काम?" त्या म्हणाल्या. खरंच काही नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने अंगावरचे दागिने काढायला सांगितले. बायकोने बांगड्या काढल्या, मग मंगळसूत्र. लग्नापासून ते तिच्या गळ्यातून उतरलेलं मी पाहिलं नव्हतं. नर्स पिशवी घेऊन उभी होती. बायकोने तिकडे पाहिलंही नाही. माझा हात ओढून सगळं तळव्यावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली.

"आता मी जाते पुढे," ती म्हणाली. "तुम्ही चहा मांडा."

दार बंद झालं. मी बाकड्यावर बसलो. हातांना काही काम नव्हतं, म्हणून मन मोकाट सुटलं. तिच्याशिवाय आमचं घर कसं असेल, ते सगळं दिसायला लागलं. फ्रिजवर तिचा चष्मा, दोरीवर तिचा गाऊन, आणि मी एकटा. लोकांच्या देखत मला रडू आलं. मग जोडीदार आठवला. मी पुढे जायचो, शाबासकी मला मिळायची, आणि हा इतकी वर्षं असा मागे बसलेला असायचा. कसा बसला असेल?

कँटीनमधून दोन चहा आणले. तिला पाण्याचा थेंबही चालणार नाही, असं नर्सने बजावलं. तरी दोन्ही कप शेजारी ठेवून बसलो. दोन्हींवर साय धरली.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठ साधीच होती. मला आत सोडलं तेव्हा बायकोने नुकते डोळे उघडले होते. फार दुखतंय का, असं विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "एवढा उशीर? अक्कल आहे की नाही तुला?"

नर्स माझ्यावर डाफरली. बायकोने मात्र मंगळसूत्रासाठी हात पुढे केला.