फ तुकडीचं दार

वारज्यातल्या माझ्या मुलीच्या मोठ्या शाळेच्या पर्यवेक्षक सरांनी मला फसवलं. मी मंडईत भांडून स्वतःचा गाळा उभा केलेला माणूस, पण त्यांच्यापुढे नरम पडलो.

बोलायला गोड. आधी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसणार, मग समोरच्याला 'आपण' म्हणणार. आठवीत मुलीला शेवटची, फ तुकडी मिळाली तेव्हा मी आवाज चढवला. "आपण बसा तर. सगळ्या तुकड्या सारख्याच हो," ते म्हणाले. मी बसलो.

काल शाळेत तपासणीला साहेब आले होते. मुलीचा विसरलेला डबा द्यायला गेलो, तर फ तुकडीच्या दाराला बाहेरून कडी आणि वर खडूनं लिहिलेलं, 'भांडार'. मी दार वाजवलं.

आतून मुलगी कुजबुजली, "पप्पा, हळू बोला ना. साहेब जाईपर्यंत आम्ही सामान आहोत."

मागून सर आले, चष्मा पुसत. "साहेबांनी काही विचारलं आणि ही मुलं अडखळली, तर शाळेचं नाव जातं. आपण समजून घ्या."

कडी मीच काढली. आत सगळा वर्ग हाताची घडी घालून बसला होता.

तुकड्या सारख्याच ना, सर? मग अ तुकडीच्या दारावर 'भांडार' का नाही लिहिलंत? उत्तर मला नको. त्या पोरांसमोर उभे राहा आणि त्यांना द्या.