कोपऱ्यातली भाकरी

विकतची भेट मी कुणाला देत नाही. यात मोठेपणा काही नाही. दुकानात उभं राहून वस्तू निवडायचा मला कंटाळा आहे आणि घरी बसून शिवायला आवडतं, एवढंच. बारसं असलं की कुंची, लग्न असलं की खणाचे बटवे, कुणी नवं घर बांधलं की उशांचे अभ्रे. घेणाऱ्याचा चेहरा शिवताना डोळ्यांसमोर असतो, असं बायका म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर टाका असतो. कापड आडवं-उभं ताणून बघायचं, कातर लागली की येणारा तो करकर आवाज ऐकायचा, दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींवर बिनचूक बसवायच्या. त्या दोन-तीन तासांत मला कुणाचीही गरज नसते. भेट देईपर्यंत माझा आनंद बहुतेक संपलेलाच असतो.

तरी गुरुवारी दुपारी चौघी-पाचजणी आमच्याकडे जमतात. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या आमच्या घरातला हॉल मोठा आहे आणि सतरंजी पसरली की सगळ्यांचे पाय मावतात, हे त्याचं कारण. यातल्या सगळ्यात वयस्क म्हणजे दोन घरं सोडून राहणाऱ्या डॉक्टरांच्या पत्नी. त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. अक्कांना शिवण येत नाही. त्या सुईत दोरा ओवून देतात, कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला ते सांगतात आणि चहा फार गोड झाला म्हणतात. मात्र त्यांचा शब्द चालतो. मुलींच्या एका शाळेच्या कमिटीवर त्या आहेत.

आमच्यात एक नवी बाई मीच आणली. लॅमिंग्टन रोडवरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये, मागच्या कोपऱ्यात, ती फॉल-पिकोचं काम करायची. माझी साडी घरी आल्यावर मी फॉल उलटून पाहिला, तर टाका दिसेचना. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. अळणावरकडच्या खेड्यातली, लग्न होऊन हुबळीत आलेली, नवरा मालाची रिक्षा चालवतो. शिवणाचा डिप्लोमा केलेला. डावरी. दुकानाला गुरुवारी सुट्टी. म्हटलं, ये मग.

ती आली, कौदीच्या एका कडेला बसली आणि तासाभरात आम्ही सगळ्या शिवायचं सोडून तिच्या ओळी बघायला लागलो. गोधडीला आमच्याकडे कौदी म्हणतात, आणि कौदीत सगळी कसरत धावदोऱ्याची. आमच्या ओळी नांगरटीसारख्या, कधी वर कधी खाली. तिच्या ओळी वहीतल्या रेघांसारख्या. माझा टाका या भागात चांगला समजतात. तिचा माझ्याहून चांगला होता. ते मला पहिल्याच दिवशी कळलं आणि आवडलं नाही.

अक्कांच्या थोरल्या मुलीला तेव्हा दिवस होते. बारशासाठी घरातल्या जुन्या साड्यांची कौदी करायची ठरली. अक्कांच्या सासूबाईंची इरकल, आईचं जुनेर, मुलीचा शाळेतला परकर, असं सगळं पोतंभर कापड आलं. अक्का तिला म्हणाल्या, "ही तूच पार पाड. आमच्या शाळेतल्या शिवणाच्या टीचर जूनमध्ये रिटायर होताहेत. हेडमिस बारशाला येणारच. कौदी बघितली की मला काही बोलायलाच नको."

त्यानंतर ती गुरुवारशिवायही यायला लागली. दुकान सुटलं की तासभर बसायची, मान वर न करता शिवायची. एकदा मी म्हटलं, "एवढी घाई कशाला? अजून वेळ आहे."

"घाई न्हाई ओ. हात थांबत न्हाई." मग म्हणाली, "दुकानात मला 'ए फॉल' म्हणून हाक मारतात. मालक, गिऱ्हाईक, सगळीच. शाळेत पोरी टीचर म्हणतील की ओ."

चार महिने लागले. निम्म्याहून अधिक कौदी तिच्या हातची होती. आम्ही कडेकडेने आपापले चौकोन केले, इतकंच.

आमच्या भागात कौदीचा शेवटचा कोपरा उघडा ठेवतात. त्यात भाकरीचा तुकडा घालून मग वरचं ठिगळ शिवतात. कौदी उपाशी पाठवू नये, म्हणजे जो पांघरेल तो उपाशी राहत नाही. जिचे टाके सगळ्यात जास्त, तिच्या घरची भाकरी. अक्कांनीच त्या गुरुवारी आल्या आल्या विचारलं, "भाकरी आणलीस ना गं? तुझ्याच घरची पाहिजे हं."

तिने रुमालातून ज्वारीची कडक भाकरी काढली. चार दिवस उन्हात वाळवलेली, कीड लागू नये म्हणून. पापडासारखी मोडली.

"थोडा ठेचा पण घाल," कुणीतरी म्हणालं, "पोरगी तिखट निघू दे."

"आईवर गेली तर ठेच्याची गरज न्हाई," ती म्हणाली. अक्कासुद्धा हसल्या. तिने तुकडा ठेवला, ठिगळ दुमडून बसवलं, डाव्या हाताने बारीक टाके घालत कोपरा बंद केला आणि गाठ आत लपवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग चहा झाला. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी मी येत न्हाई अक्का. जयंती आहे. आमच्या गल्लीतल्या निळ्या पताका सगळ्या माझ्याकडंच शिवायला आहेत."

अक्कांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "घर कुठं म्हणालीस तुझं?"

"सांगितलं होतं की मागं. विहाराच्या मागच्या गल्लीत."

"हां हां. बरं बरं."

ती रोजच्यासारखी कप विसळायला उठली. अक्का म्हणाल्या, "राहू दे. ठेव तिथंच." तिने ठेवला, चपला घातल्या आणि गेली. ती बौद्ध आहे, हे आम्हाला चार महिने ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. विहाराचं ती पूर्वी बोलली होती. तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं, कारण तेव्हा काम अर्धं व्हायचं होतं.

फाटकाची कडी वाजली तशा अक्का म्हणाल्या, "ती भाकरी काढ."

"अक्का, शिवून झालंय की आता," एकजण म्हणाली.

"शिवलेलं उसवता येतं."

"अहो, सगळी कौदीच तिच्या हातची आहे. ते चालतंय का?"

"कापड धुता येतं," अक्का म्हणाल्या. "भाकरी कशी धुणार?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या, कारण उसवायचं कौशल्याचं काम माझ्याकडेच येतं. मी दाढीचं अर्धं ब्लेड आणलं. मला कुणी धरून बसवलं नाही. एकेक टाका कापला, दोरे चिमटीने ओढले, ठिगळ उचललं. तुकडा जसाच्या तसा होता. तो मी खिडकीतून कंपाउंडच्या भिंतीवर टाकला. साळुंक्या आल्या.

अक्कांच्या घरून भाकरी आली ती ताजी, मऊ. अशी घातली तर आठवड्यात बुरशी येईल, म्हणून मी ती तव्यावर जाळ मंद करून कडक केली. मग कोपरा शिवायला घेतला. आता मला वाईट वाटत होतं असं लिहिलं तर शोभेल, पण तसं काही नव्हतं. मला एकच चिंता होती, टाका जुळेल का. डावऱ्या हाताचा टाका किंचित डावीकडे कलतो. मी कौदी उलटी फिरवली, सुई विरुद्ध बाजूने घातली, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. जमल्यावर बरं वाटलं. गेल्या कित्येक महिन्यांत कुठल्याच कामाने वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. मी कौदी उजेडात धरली आणि म्हटलं, "बघा, ओळखू येतंय का."

"छे," अक्का म्हणाल्या. "तुझा हात म्हणजे हात आहे बाई."

बारशाआधी अक्कांनी कौदी दोनदा धुऊन घेतली.

बारसं त्यांच्या घरीच होतं. तिला काम सोपवतानाच दिलेलं आमंत्रण परत घ्यायची हिंमत कुणाला झाली नाही. ती आली. हिरवी इरकल नेसली होती, केसांत अबोली, आणि हातात प्लॅस्टिकच्या कव्हरात तिची सर्टिफिकेटं. अक्का तिला "ये, ये" म्हणाल्या आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळल्या. कौदी पाळण्याशेजारी पाटावर घडी करून ठेवली होती. ती तिथे गेली, घडी सरळ केली आणि सवयीने अंगठा कोपऱ्यावरून फिरवला.

अंगठा थांबला. तिने कोपरा डोळ्यांजवळ नेला. मी समोरच उभी होते.

"हा टाका उजव्या हातचा हाय," ती म्हणाली.

"मुंग्या लागल्या होत्या," मी म्हटलं.

"कडक भाकरीला?"

तिने कोपरा दाबून पाहिला. आत काहीतरी होतंच.

"मग आता कुणाची हाय आत?"

तेवढ्यात हेडमिस आल्या. जाड भिंगांचा चष्मा, कॉटनची साडी. त्यांनी कौदी पाहिली आणि बाळाला बघायचं विसरल्या. वाकून ओळींवरून बोट फिरवलं. "भाळ छलो आग्यद री," म्हणाल्या. फार सुंदर झालीय. मग मराठीत, सगळ्यांकडे बघून, "हे शिवण कुणाचं? आमच्या जागेसाठी मला असाच हात पाहिजे."

एवढाच प्रश्न होता. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि कव्हर तिने छातीशी धरलं होतं. आपलं काम आहे असं तिने स्वतः म्हणायचं तर अक्कांच्या घरात, अक्कांच्या पाहुण्यांसमोर म्हणायला हवं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. शिवणाबद्दल माझा शब्द धरतात. अक्का पाळण्याची दोरी सारखी करत होत्या. त्यांनी काही खुणावलं नाही. तशी गरजच पडली नाही.

"आम्ही सगळ्यांनी मिळून केलंय," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. मी खालचे आठ चौकोन केले होते. आणि तो कोपरा.

"अच्छा, ग्रुपवर्क," हेडमिस म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला.

"होय मॅडम," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात. "सगळ्यांनी मिळून. उसवायला पण सगळ्या होत्या."

हेडमिसना वाटलं विनोद आहे. त्या हसल्या, म्हणून पाहुण्या हसल्या. अक्का म्हणाल्या, "चला, पाळण्याची वेळ झाली." ती नाव ठेवून होईपर्यंत थांबली, घुगऱ्यांची पुडी घेतली आणि कव्हर न उघडता गेली.

जूनमध्ये शाळेत अक्कांच्या भाचीची मैत्रीण लागली. मशीन चांगली चालवते म्हणतात. हाताने बटणसुद्धा लावत नाही.

गुरुवार चालूच आहेत. कुणी तिचा विषय काढत नाही, आणि मीही नाही. शिवताना मला अजून तेवढंच बरं वाटतं. थोडं कमी वाटायला लागलं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं.

मग अक्कांच्या धाकट्या मुलीलाही दिवस गेले आणि दुसऱ्या कौदीचं निघालं. दोन गुरुवारांत कळून चुकलं की ती कौदी पहिलीच्या जवळपासही जाणार नाही. "हिला कमी केलं असं नको व्हायला," अक्का म्हणाल्या. "तू विचारून तर बघ तिला. घरी नेऊन शिवली तरी चालेल." भाकरीचं काय, ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

मी एक नवी साडी पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला गेले. ती त्याच कोपऱ्यात बसली होती. मला पाहून तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"एन बेकरी?" तिने विचारलं. काय पाहिजे, म्हणून. दारातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं, कानडीत. आजवर माझ्याशी ती एक शब्द कानडी बोलली नव्हती. पहिल्या दिवशी तर म्हणाली होती, दुकानात दिवसभर कानडी बोलून जीभ आंबते, तुमच्याकडं आलं की मोकळं वाटतं.

"फॉल लावायचा होता," मी मराठीत म्हटलं. "आणि जरा बोलायचं होतं."

"सीरी कोड्री." साडी द्या. मी दिली. तिने कापड चिमटीत धरून बघितलं, नंबराची चिठ्ठी टाचली, उरलेली अर्धी माझ्यापुढे धरली आणि शनिवारी या, असं कानडीत सांगितलं.

"तुझ्याशी बोलायचंय गं. कौदीचं आहे एक."

ती माझ्याकडे बघत राहिली. गल्ल्यावरून मालक ओरडला, "ए फॉल, बाईंशी मराठीत बोल की. तुला येतंय की चांगलं."

"ननग बरंगिल्री," ती म्हणाली.

मला येत नाही, असं. त्याला नाही, मला सांगितलं तिने, सरळ डोळ्यांत बघून. मग चाकाला हात लावला आणि पुढची साडी ओढून घेतली. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

शनिवारी साडी आणायला मी माझ्या मुलीला पाठवलं. घरी आल्यावर फॉल उलटून पाहिला. टाका कुठेही दिसत नव्हता.